लखनौचे मुद्दल

लखनौच्या जुन्या भागात, हुसैनाबादच्या तलावाकाठी, अवधच्या नवाबांची भव्य तैलचित्रे असलेली एक वास्तू आहे. चित्रे पाहण्यासाठी पर्यटकांची तेथे वर्दळ असते. त्याच वास्तूत एक कार्यालयही आहे आणि तेथे येणारी माणसे चित्रे पाहायला आलेली नसतात. ती येतात आपला ‘वसीका’ घ्यायला. अवधच्या नवाबांनी आणि बेगमांनी ईस्ट इंडिया कंपनीला मोठमोठ्या रकमा दिल्या होत्या. त्यांवरील व्याजातून त्यांच्या वंशजांना आणि आश्रितांना मिळणारे निवृत्तिवेतन म्हणजे वसीका. कंपनी गेली, राणीचे राज्य आले आणि तेही गेले. वसीका मात्र चालू राहिला.

बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकाला या ठेवीचे स्वरूप मोठे कुतूहलाचे वाटेल. १८२५ मध्ये नवाब गाजीउद्दीन हैदर याने कंपनीला एक कोटी रुपये दिले. व्याजाचा दर पाच टक्के आणि मुदत कायमची. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज मात्र नेमून दिलेल्या व्यक्तींना पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहावे, अशी ही व्यवस्था होती. वर्षाला पाच लाख रुपये, हे उत्पन्न त्या काळी एखाद्या संस्थानाला शोभावे असेच होते. पुढे मुद्दल तेवढेच राहिले, दरही वाढला नाही. वारस तेवढे वाढत गेले. वाटण्यांच्या पुन्हा वाटण्या झाल्या. आज काही वसीकादारांच्या वाट्याला महिन्याला दहा रुपयेही येत नाहीत. कार्यालयापर्यंतचे रिक्षाभाडे त्याहून अधिक होते. तरीही ते येतात, स्वच्छ कपडे घालून येतात, सही करतात आणि मोजके पैसे खिशात घालून परततात. पैशासाठी कोणी येत नाही, नात्यासाठी येतात, असे त्यांचे म्हणणे असते आणि त्यावर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही.

लखनौविषयी बोलताना या कार्यालयापासून आरंभ करण्याचे कारण असे, की लखनौच्या सुप्रसिद्ध संस्कृतीचीही गत काहीशी वसीक्यासारखी झाली आहे. पूर्वजांनी ठेवलेली ठेव आहे, तिचे व्याज अजून मिळते, त्याचा अभिमानही आहे. परंतु मुद्दलात कोण आणि किती भर घालीत आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘हसा, आपण लखनौमध्ये आहात’ अशा अर्थाचे हिंदी वाक्य या शहरात येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत करते. पुण्याच्या पाटीवर पाहुण्याने काय करू नये हे लिहिलेले असते. लखनौची पाटी त्याला आनंदी व्हायला सांगते. दोन्ही पाट्या आपापल्या शहराशी प्रामाणिक आहेत. पण हसायचे कशाच्या आधारावर, हे त्या पाटीवर लिहिलेले नसते.

आनंद मोजण्याचा उद्योग अलीकडे जगभर चालला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ पासून जागतिक आनंदाचा अहवाल प्रसिद्ध होऊ लागला. माणसाला एका काल्पनिक शिडीचे चित्र दिले जाते. तळाची पायरी शून्य, वरची दहा, आणि आपले आयुष्य कोणत्या पायरीवर आहे ते त्याने सांगायचे. संयुक्त अरब अमिरातीने तर २०१६ मध्ये आनंद या विषयासाठी स्वतंत्र मंत्रिपदच निर्माण केले. वाळवंटात काचेचे उत्तुंग मनोरे उभारणाऱ्या राष्ट्राला असा मंत्री नेमण्याची गरज वाटली, ही गोष्ट वरवर हास्यास्पद वाटली तरी विचार करण्याजोगी आहे. वैभव आले म्हणजे सुख आपोआप येईल, या भरवशावर ते राज्यकर्ते राहिले नाहीत. लखनौच्या नवाबांकडे असा मंत्री नव्हता. परंतु शहर सुखी कसे होते, याचे काही धडे त्यांच्या इतिहासातही आहेत आणि त्यांतला एक थेट एका अरब शहरापर्यंत पोहोचतो.

इराकमधील नजफ हे शिया मुसलमानांचे अत्यंत पवित्र शहर. हजरत अली यांची समाधी तेथे आहे. वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या शहराला पाण्याचे दुर्भिक्ष शतकानुशतके छळत होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस नवाब असफउद्दौला याने सुमारे पाच लाख रुपये पाठविले आणि त्यातून युफ्रेटिस नदीपासून हिंदिया नावाचा कालवा निघाला. नावातच हिंदुस्थान असलेला हा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुरा झाला. त्याने नजफची तहान तर भागवलीच, पण पुढे नदीचाच बराचसा प्रवाह आपल्याकडे ओढून घेतला आणि त्याच्या काठाने भटक्या टोळ्या शेती करून स्थिर झाल्या. गाजीउद्दीन हैदरच्या १८२५ च्या ठेवीतील व्याजाचाही मोठा हिस्सा, मूळ लाभार्थी बेगमांच्या निधनानंतर, १८५० च्या सुमारापासून नजफ आणि कर्बला येथील धर्मपंडितांच्या हाती जाऊ लागला. तो विद्यार्थी आणि गरजू यांच्यासाठी वापरला जावा अशी अपेक्षा होती. त्या वाटपात पुढे ब्रिटिश अधिकाऱ्यांचे राजकारण शिरले, ही गोष्ट निराळी.

अवधातील शेतकऱ्याच्या घामाचा पैसा हजारो कोसांवरच्या वाळवंटात गेला, याबद्दल कोणी नवाबाला बोल लावू शकेल आणि तो बोल सर्वस्वी अन्यायाचा ठरणार नाही. परंतु त्याच असफउद्दौलाने घरच्या माणसांसाठी काय केले, तेही पाहिले पाहिजे. १७८४ मध्ये अवधात भीषण दुष्काळ पडला असता त्याने लखनौचा बडा इमामबाडा बांधायला घेतला. सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असा त्याचा मध्यवर्ती दिवाणखाना, ज्याच्या छताला एकही तुळई वा खांब नाही, आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. या बांधकामाचा हेतू मात्र केवळ वास्तू उभारणे हा नव्हता. हजारो भुकेल्या हातांना काम देणे हाही होता. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर लक्षावधी माणसे जगवली आणि त्यातून रोजगार हमीचा कायदा जन्मला. मराठी वाचकाला असफउद्दौलाचे गणित म्हणूनच समजावून सांगावे लागत नाही.

या बांधकामाविषयी लखनौत एक कथा सांगतात. दुष्काळाने अनेक प्रतिष्ठित घराणीही कंगाल झाली होती. दिवसाढवळ्या डोक्यावर पाटी घेणे त्यांना मरणाहून कठीण. म्हणून रात्रीच्या अंधारात त्यांना काम दिले जाई, आणि कोणाचा चेहरा कोणाला दिसू नये याची काळजी घेतली जाई. काहींच्या मते दिवसा बांधलेला भाग रात्री पाडण्याचे काम त्यांच्याकडे असे, म्हणजे काम संपत नसे. कथेला कागदोपत्री पुरावा किती, हे इतिहासकारांनी पाहावे. शहराने ती अडीचशे वर्षे जपली, यातच तिचे मोल आहे. मदत देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा लखनौच्या तहजीबीचा, म्हणजे तिथल्या अदबशीर सभ्यतेचा, गाभा आहे. ‘आधी आपण’ म्हणत दोघे सद्गृहस्थ फलाटावर एकमेकांना आग्रह करीत राहिले आणि गाडी निघून गेली, हा विनोद त्या गाभ्याचे केवळ टरफल आहे. दुर्दैवाने प्रवासी कंपन्या टरफलच विकतात.

तहजीब ही दरबारात जन्मली असेल. वाढली मात्र रस्त्यावर. पानवाला, टांगेवाला, कबाब विकणारा, सारेच ‘आप’ म्हणत आणि त्यात लाचारी नसे. मराठी माणसाला आरंभी हे अवघड जाते. त्याच्या भाषेतला जिव्हाळा ‘अरे’, ‘अगं’मध्ये असतो आणि अति अदब दिसली की त्याला त्यामागे काही डाव असल्याची शंका येते. ही शंका लखनौतही सर्वदा खोटी ठरत नाही. पण अनोळखी माणसाला बरोबरीचा मान देण्याची सवय समाजाला असली, की रोजच्या जीवनातील कितीतरी खडे आपोआप गुळगुळीत होतात. आनंदाच्या अहवालवाल्यांनी २०२५ मध्ये अशाच गोष्टींकडे विशेष लक्ष दिले. हरवलेले पाकीट परत मिळेल असे माणसांना वाटते काय, आणि माणसे एकत्र बसून जेवतात काय, असे ते प्रश्न होते. पाकिटे लोकांच्या अपेक्षेपेक्षा जवळपास दुप्पट प्रमाणात परत मिळतात, असे त्यांना आढळले. माणसे आहेत त्याहून वाईट आहेत असे माणसांनाच वाटते, हा त्याचा अर्थ.

एकत्र जेवण्याचा प्रश्न लखनौला विचारायचाच तर तो ज्येष्ठातल्या मंगळवारी विचारावा. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिथला ज्येष्ठ महाराष्ट्रातल्या ज्येष्ठाच्या पंधरा दिवस आधी, ऐन उन्हाच्या कहरात सुरू होतो. या महिन्यातील प्रत्येक मंगळवार लखनौत ‘बडा मंगल’ म्हणून पाळला जातो. अलीगंजच्या हनुमान मंदिरात पहाटेपासून रांगा लागतात. त्या मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर आहे आणि त्याचा संबंध परंपरा अवधच्या एका बेगमेच्या श्रद्धेशी जोडते. मंदिराइतकाच महत्त्वाचा भाग रस्त्यावर घडतो. चौकाचौकांत, दुकानांपुढे, कचेऱ्यांच्या फाटकांशी मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी, कढी-भात, थंड सरबत आणि पाणी येईल त्याला दिले जाते. खाणाऱ्याला नाव, गाव, धर्म कोणी विचारीत नाही. मोटार थांबवून उतरणारा व्यापारी आणि सायकलरिक्षा ओढणारा मजूर एकाच रांगेत द्रोण पुढे करतात. वारीच्या वाटेवरचे अन्नदान ज्याने पाहिले आहे त्याला हे दृश्य परके वाटणार नाही. फरक एवढाच, की वारी गावागावांतून पुढे सरकते आणि येथे एक अख्खे शहर दिवसभर यजमान होऊन जागच्या जागी उभे असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये युनेस्कोने लखनौला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला. गलावटीचे कबाब, दमावर शिजणारी बिर्याणी, हिवाळ्यातील दवात घुसळलेली मख्खन-मलाई, ही सारी त्या मानाची अधिकारी आहेत. बडा मंगलच्या द्रोणातली पुरी-भाजी त्या यादीत अग्रक्रमाने कोणी मांडणार नाही. खरे तर मांडायला हवी.

लखनौच्या सुखाची दुसरी बाजू शोकाची आहे, आणि तिच्यावाचून या शहराचे चित्र अपुरे राहते. मोहरमपासून दोन महिने आठ दिवस येथील शिया समाज शोक पाळतो. या शोकाने शहराला काव्य दिले. एकोणिसाव्या शतकात मीर अनीस आणि मिर्झा दबीर या दोन कवींनी मर्सिया, म्हणजे शोककाव्य, अशा उंचीवर नेले की रसिकांचे दोन तट पडले. एक गट अनीसचा, एक दबीरचा. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावर महाराष्ट्रात एके काळी असेच हमरीतुमरीवर येणारे रसिक होते. शेवटी १९२१ मध्ये दोघांनी ‘संयुक्त मानापमान’ केला. अनीस आणि दबीर यांचा असा संयुक्त प्रयोग झाला नाही, पण दोघांचे श्रोते एकाच गल्लीत राहिले. असफउद्दौलाच्या काळातील राजा झाऊलाल या हिंदू मुत्सद्द्याच्या नावाचा इमामबाडा आजही शहरात आहे. दुःख सार्वजनिकपणे, रीतसर आणि शेजाऱ्याच्या सोबतीने व्यक्त करता येते, असे शहर आनंदही अधिक मोकळेपणाने साजरा करू शकते, असे मानायला जागा आहे.

मात्र येथेच लखनौच्या भाटांनी जे टाळले आहे ते सांगितले पाहिजे. याच शहरात शिया आणि सुन्नी यांच्यात वारंवार दंगली झाल्या. १९७७ मध्ये मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी घालावी लागली आणि ती उठून मिरवणुका पुन्हा निघायला १९९८ उजाडले. सुमारे वीस वर्षे! ज्या शहराने शोकाला कलेचे रूप दिले, त्याला स्वतःचा शोक रस्त्यावर आणता येईना. अदब ही केवळ बोलण्याची ढब उरली, की ती अशा वेळी कामाला येत नाही. एकाच गल्लीतले लोक उत्तम उर्दूतही एकमेकांचे वैरी होऊ शकतात. जुन्या ठेवीच्या व्याजावर जगण्याचा धोका तो हाच. मुद्दल किती घटले आहे, ते संकट येईपर्यंत कळत नाही.

मुद्दलात भर कशी पडते, याचे एक उत्तम उदाहरण मराठी माणसाच्या नावावर आहे आणि ते महाराष्ट्रातच पुरेसे स्मरले जात नाही. विष्णु नारायण भातखंडे हे १८६० साली मुंबईत वाळकेश्वरला जन्मले. शिक्षणाने ते वकील, पण त्यांनी आयुष्य वाहिले ते संगीताला. त्या काळी बंदिशी घराण्यांच्या तिजोरीत बंद होत्या. उस्ताद मुलाला देई, फार तर जावयाला देई, आणि पुष्कळदा कोणालाच न देता निघून जाई. भातखंडे यांनी देशभर हिंडून, आर्जवे करून, प्रसंगी अपमान सोसून त्या मिळविल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग मराठीतून छापून कोणालाही विकत घेता येतील असे केले. तिजोरीतले धन त्यांनी चलनात आणले, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल. सगळ्यांनाच हे रुचले नाही. गुरूच्या मुखातून जे यायचे ते पुस्तकातून कसे येईल, हा आक्षेप तेव्हाही होता आणि त्यात तथ्य आजही आहे. पण जे छापले गेले नसते ते किती उरले असते, याचा हिशेब आक्षेपकांनी दिलेला नाही.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे दिल्ली आणि काशी येथे, आणि मग १९२४ व १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षे लखनौत. संगीताचे एक राष्ट्रीय विद्यालय असावे हे भातखंडे यांचे स्वप्न १९२६ मध्ये लखनौतच साकार झाले. राय उमानाथ बली आणि प्रांताचे तत्कालीन शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी ते उचलून धरले, गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव संस्थेला मिळाले आणि मॅरिस कॉलेज सुरू झाले. मुंबईचा वकील, अवधचे तालुकदार आणि एक इंग्रज गव्हर्नर, असा हा त्रिवेणी संगम. ज्या शहरात गाणे कोठीवर आणि दरबारात राहत होते, तेथे ते वर्गात आले. फी भरून, हजेरी लावून, परीक्षा देऊन शिकता येऊ लागले. कुलीन घरातील मुलींनाही तो दरवाजा उघडला, हे त्या काळात लहान धाडस नव्हते.

श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंडे यांचे शिष्य मुंबईहून लखनौला आले आणि त्यांनी या संस्थेचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळले. १९३६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे जन्मलेला अकरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्या घरी शिकायला राहिला. तो पुढे पंडित के. जी. गिंडे म्हणून विख्यात झाला. दिनकर कायकिणी, एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर अशी केवढी तरी नावे त्या वर्गांतून निघाली. व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनी तेथे अध्यापन केले. कथक शिकविणारे मोहनराव कल्याणपूरकर तेथलेच. पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी त्यांच्याकडून आणि लखनौ घराण्याच्या लच्छू महाराजांकडून जे घेतले, ते त्यांच्या ‘नृत्यभारती’तून महाराष्ट्रातील शेकडो मुलींपर्यंत पोहोचले. लखनौहून निघालेले व्याज असे पुण्यात जमा झाले. पुढे संस्थेला भातखंडे यांचे नाव मिळाले आणि २०२२ मध्ये ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाली. कैसरबागेतील तिची वास्तू म्हणजे नवाब वाजिद अली शाह याचा परीखाना, जेथे त्याच्या दरबारातील नर्तकींचे शिक्षण होत असे. १८५६ मध्ये इंग्रजांनी त्याचे राज्य खालसा केले तेव्हा त्याच्या विरुद्ध मांडलेल्या आरोपांत या नाचगाण्याच्या नादाला मानाचे स्थान होते. सत्तर वर्षांनी इंग्रज गव्हर्नरचेच नाव घेऊन नाचगाणे त्या शहरात शिकवले जाऊ लागले. इतिहासालाही विनोदबुद्धी असते.

बाहेरून येणाऱ्याला आपले म्हणण्याचा हा स्वभाव लखनौला नवा नव्हता. स्वतः नवाबांचे घराणे इराणमधील निशापूरहून आलेले. मीर तकी मीर हा थोर कवी दिल्ली उजाड झाल्यावर १७८२ च्या सुमारास येथे आला. तो अखेरपर्यंत दिल्लीच्या आठवणीने कुढत राहिला, पण राहिला येथेच. ज्या काळात हे शहर येणाऱ्यांना सामावून घेत होते, त्या काळातच त्याची संस्कृती घडत होती. ‘आमच्या वेळचे लखनौ राहिले नाही’ हे वाक्य तेथे आज जितके ऐकू येते तितकेच शंभर वर्षांपूर्वीही ऐकू येत होते. अब्दुल हलीम शरर यांनी १९१३ पासून लिहिलेल्या ‘गुजिश्ता लखनौ’ या प्रसिद्ध लेखमालेच्या नावातच ‘गेलेले लखनौ’ आहे.

आता जे गेलेले नाही त्याकडे वळावे लागेल. लखनौचे नाव आज जगात सर्वाधिक कोण पोहोचवीत असेल तर ती चिकनचे भरतकाम करणारी बाई. मलमलीवर लाकडी ठशांनी धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगात नक्षी छापली जाते. मग ते कापड गल्ल्यांतील आणि आसपासच्या खेड्यांतील घराघरांत जाते. टेपची हा साधा धावता टाका. बखियाचा टाका उलट बाजूने घालतात, त्याची सावली सुलट बाजूला उमटते. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी, फंदा बाजरीच्या दाण्यासारखा. आणि जाळीत एकही धागा न कापता सुईने धागे बाजूला सारून भोके पाडली जातात. एकेका कपड्यावर कित्येकदा दोन-तीन निराळ्या हातांचे काम असते, कारण एकीला जाळी येते तर दुसरीला मुर्री. हे सारे झाल्यावर धोबी ते धुतो, निळे ठसे निघून जातात आणि टाके उरतात. २००८ मध्ये या कामाला भौगोलिक मानांकन मिळाले; २०१८ पासून राज्य शासनाच्या एक जिल्हा एक उत्पादन या योजनेतही ते आले.

मानांकन शहराला मिळाले. मजुरी बाईला मिळायची आहे. ठेकेदार, उपठेकेदार, व्यापारी अशी साखळी मध्ये असते. काम नगावर, भाव त्याने सांगितलेला, माल नापसंत ठरला तर कपात त्याने ठरवलेली. दिवसभर मान खाली घालून बारीक टाके घालणाऱ्या बायकांची नजर लवकर अधू होते आणि चष्म्याचा खर्च मजुरीत धरलेला नसतो. बुरख्याआड किंवा घुंगटाआड राहून घरबसल्या करता येते म्हणून हे काम त्यांच्याकडे आले आणि घरबसल्या होते म्हणूनच ते ‘फावल्या वेळचे’ ठरवून स्वस्तात घेतले गेले. रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेवा लखनौ’ या संस्थेने या बायकांना संघटित करून, दलाल वगळून, त्यांचा माल थेट विकायला आरंभ केला. त्यातून पुष्कळ जणींच्या हाती प्रथमच स्वतःच्या नावाचा पैसा आला. २०१४ नंतर जनधन खात्यांमुळे पासबुकही कितीतरी घरांत पोहोचले. परंतु पासबुक असणे आणि त्यात मजुरी जमा होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेच्या खिडकीशी बसणारा कोणताही कर्मचारी सांगेल. ठेकेदार अजूनही पुष्कळदा रोखच देतो, आणि ती रोकड घरातील कर्त्या पुरुषाच्या हाती जाते.

लखनौची तहजीब आज खरोखर जिवंत आहे काय, याची कसोटी इमामबाड्यात किंवा कबाबाच्या दुकानात लागणार नाही. ती या बाईच्या मजुरीत लागेल. दुष्काळात कंगाल झालेल्या अमिराची मान खाली जाऊ नये म्हणून ज्या शहराने रात्रीचे काम काढले, त्याने सुईवर जगणाऱ्या बाईचा मान कसा राखला, हे विचारणे गैर नव्हे. आणि हा प्रश्न एकट्या लखनौने सोडवायचाही नाही. चौक किंवा अमीनाबादच्या दुकानात शिरलेले मराठी पर्यटक कुटुंब हजाराचा कुर्ता सातशेला मागते, दुकानदार हसून ‘आपलेच दुकान आहे’ म्हणतो आणि आठशेला सौदा पटतो. कोणाचाच तोटा झाला असे दिसत नाही. दुकानदाराचा नफा ठरलेला असतो, ठेकेदाराचा ठरलेला असतो, कापडाचा आणि धुलाईचा भावही ठरलेला असतो. घासाघिशीत सुटलेले दोनशे रुपये कुठून तरी निघतात. तो कुर्ता शिवून, भरून, धुऊन पिशवीत घातला जातो तेव्हा त्याच्यावर किमतीची चिठ्ठी असते, मानांकनाचे चिन्हही कधी असते. मुर्री कोणी भरली आणि तिला त्याचे काय मिळाले, हे लिहायला मात्र त्या चिठ्ठीवर जागाच ठेवलेली नसते. दुकानदाराला विचारावे. तो अदबीने उत्तर देईल आणि निदान प्रश्न विचारला गेला, हे त्याच्या लक्षात राहील.